तांबड्या चिठ्ठीचे एकोणीस अर्थ

जगातली सगळी कामं दोन प्रकारची असतात. जी ताबडतोब करायची असतात ती, आणि जी होतात ती. हा भेद आजवरच्या विचारवंतांच्या लक्षात आला नाही, कारण त्यांच्यापैकी कोणीही आमच्या कार्यालयात नोकरीला नव्हतं. मी होतो. एकतीस वर्षं, आवक विभागात, खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर. तरीही तो लक्षात यायला मला सव्वीस वर्षं लागली, तेव्हा विचारवंतांना मी फार बोल लावत नाही.

आमचं कार्यालय सार्वजनिक इमारतींच्या दुरुस्तीचं. शाळा, दवाखाने, वाचनालयं यांत जे काही मोडेल, गळेल, निखळेल किंवा अडकेल, त्याचा अर्ज आमच्याकडे यायचा. मी त्यावर तारखेचा शिक्का मारायचो, वहीत नोंद करायचो आणि कागद आत पाठवायचो. या कामात चुकण्यासारखं काही नव्हतं. (तरी मी ते दोनदा तपासायचो.)

'अर्जंट' हा शब्द माझ्या आधीपासून कार्यालयात होता, पण त्या काळी तो कुलपात असे. पत्त्याच्या पानाएवढी एकच तांबडी चिठ्ठी होती आणि ती मोठ्या साहेबांच्या खणात ठेवलेली असे. वर्षातून तीन-चार वेळा ती बाहेर निघायची. कागदाला ती टाचली की माणसं खुर्चीवरून उठत. एकदा तर हेडक्लार्क जिन्यावरून पळाले होते, असं सांगतात. काम झालं की चिठ्ठी सोडवून पुन्हा खणात. हा रानटी काळ होता. एका चिठ्ठीवर अख्खं कार्यालय चालवणं हे कोणत्याही सुधारलेल्या व्यवस्थेला शोभणारं नाही.

सुधारणा दवाखान्यांच्या विभागाने सुरू केली. चिठ्ठी सारखी शाळांच्याच कागदाला लागते, अशी त्यांची तक्रार होती. "त्यांची कामं अर्जंट, आणि आमची काय हौसेची?" असं त्यांनी लेखी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. शंभर चिठ्ठ्या छापल्या गेल्या. मग वाचनालयांनी विचारलं. हजार छापल्या. पहिल्या वर्षी शंभरातले चार कागद अर्जंट होते. पाचव्या वर्षी एकेचाळीस. मी ज्या वर्षाबद्दल सांगतो आहे, त्या वर्षी शंभरातले अठ्ठ्याण्णव. उरलेल्या दोन कागदांचं म्हणाल, तर चिठ्ठी लावण्याच्या वेळी टाचण्या संपलेल्या होत्या.

या चिठ्ठीचा नियम मला फार आवडायचा. ती लावायला कोणाचीही सही चालत असे, काढायला मात्र मोठ्या साहेबांचा लेखी हुकूम लागे. याच्यामागे खोल विचार आहे. एखादं काम तातडीचं आहे असं म्हणण्यात कोणाचं काहीच जात नाही. ते तातडीचं नाही असं म्हणणाऱ्या माणसाला मात्र उद्या कोणी जाब विचारू शकतं.

आता अठ्ठ्याण्णव कागद एकदम अर्जंट झाल्यावर त्यांतला आधी कुठला, हे ठरवणं आलं. त्यासाठी दर सोमवारी बैठक असे. अकरा माणसं बसत. बैठक स्वतःच अर्जंट असल्यामुळे कागद वाचण्यात वेळ घालवता येत नसे. क्रम ठरवला जाई, आणि पुढच्या सोमवारपर्यंत नवे कागद आल्यामुळे तो पुन्हा ठरवला जाई. तांबडी चिठ्ठी लागलेल्या कागदाला सरासरी चौदा महिने लागत. बिनचिठ्ठीच्या दोन कागदांना किती लागत, याची सरासरी कोणी काढलेली नव्हती. अर्जंट नसलेल्या गोष्टीची सरासरी काढायला कोणाला सवड असते?

अशा वेळी मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं.

"तुम्ही सारखे पुस्तकात डोकं घालून बसलेले असता ना?"

मी चोरी पकडल्यासारखा उभा राहिलो. डब्याच्या सुट्टीत मी वाचत असे, पण एखाद्या दिवशी सुट्टी संपल्यावरही पान पुरं केलेलं असण्याची शक्यता होती.

"या 'अर्जंट'चा नक्की अर्थ काय, ते ठरवून टाका. इथे प्रत्येक जण आपापला अर्थ लावतोय. समिती नेमतो. तुम्ही एकटेच."

"कधीपर्यंत देऊ, साहेब?"

"अर्जंट," साहेब म्हणाले.

अशा रीतीने, ज्या शब्दाचा अर्थ शोधायचा होता त्याच्याच मुदतीत मी कामाला लागलो. मी टेबलाटेबलांवर फिरलो, लोकांना विचारलं आणि वहीत टिपलं. विचारताना मी प्रत्येकाची क्षमा मागत होतो, त्यामुळे काम लांबलं. एकूण अर्थ निघाले एकोणीस. सगळे इथे देत नाही. बरेचसे एकमेकांसारखे आहेत, आणि माझी निवड बरोबर आहे याची मला खात्री नाही.

साहेबांनी हेडक्लार्कना म्हटलेलं 'अर्जंट' म्हणजे: मला वरून विचारलं आहे. हेडक्लार्कनी खालच्या लिपिकाला म्हटलेलं म्हणजे: माझ्या टेबलावरून हे एकदाचं हलव. अर्जदाराने अर्जाच्या माथ्यावर लिहिलेलं म्हणजे: मी लहान माणूस आहे, पण आहे. फोनवर म्हटलेलं अर्जंट म्हणजे पलीकडचा माणूस एकटा नाही, त्याच्यासमोर कोणीतरी बसलं आहे. शुक्रवारी दुपारी म्हटलेलं म्हणजे सोमवार. सोमवारी सकाळी म्हटलेलंही सोमवारच, पण कुठला ते सांगितलेलं नसतं. बारावा अर्थ दवाखान्यांच्या विभागात सापडला: आपण विसरलो होतो आणि आता आठवलं. पंधरावा तिथेच, शेजारच्या टेबलावर: आपण विसरणार आहोत, तेव्हा आधीच लिहून ठेवलेलं बरं.

घरचाही एखादा अर्थ असावा म्हणून मी हिला विचारलं. ही नळाखाली बादली सरकवत होती.

"हा नळ गळतोय, हे मी तुम्हाला कधी सांगितलं?"

"मागे एकदा म्हणाली होतीस."

"काय म्हणाले होते?"

"अर्जंट बघा म्हणून."

"मग लिहा वहीत," ती म्हणाली. "अर्जंट म्हणजे बादली."

मी लिहून घेतलं. तो सोळावा.

याच सुमारास बालवाडीच्या बाई दर मंगळवारी येऊ लागल्या होत्या. बाई पन्नाशीच्या, सडसडीत. बोलताना समोरच्याला समजलं की नाही ते डोळ्यांत बघून तपासणाऱ्या. त्यांची शाळा दुमजली. वरच्या मजल्यावर वर्गांसमोरून बाहेरच्या अंगाने लांब सज्जा जात होता, आणि त्या सज्ज्याच्या लाकडी कठड्याचे चार गज निखळून पडले होते. तिथे बाईंनी कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. मुलांना त्यांनी शिकवलं होतं, की भिंतीला हात लावून एकामागे एक चालायचं. स्वतः त्या दोरीच्या बाजूने चालत. साठ मुलं, रोज चार वेळा.

त्यांच्या अर्जावर 'अर्जंट' असं सुरेख, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं. खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा होत्या.

"कुठवर आलं?" त्या विचारायच्या.

"अर्जंटमध्ये आहे, बाई."

"ते मागच्या मंगळवारीही होतं."

"हो. अजून आहे."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

मी शब्दाच्या अर्थाचा अभ्यास करणारा कार्यालयातला एकमेव माणूस होतो, म्हणून गप्प बसलो.

बाई नेमाने स्मरणपत्र देत. प्रत्येक स्मरणपत्राला नवी तांबडी चिठ्ठी लागे, आणि नव्या तातडीचा क्रम नव्याने ठरवावा लागत असल्यामुळे कागद रांगेच्या शेवटी जाई. बाईंची ही चिकाटी पाहून कार्यालयात सगळ्यांना त्यांच्याबद्दल आदर वाटत असे. सात महिन्यांत सात चिठ्ठ्या झाल्या. कागद कोंबड्याच्या तुऱ्यासारखा दिसू लागला.

एका मंगळवारी त्या म्हणाल्या, "भाऊ, खरं सांगा. मी आणखी काय लिहू म्हणजे होईल?"

मी म्हणालो, "तुम्ही लिहिलंय ते अगदी शुद्ध आहे, बाई."

सतरा अर्थ झाल्यावर मला वाटलं, ज्यांच्या टेबलावर अर्जंट कागद जातच नाहीत त्यांनाही विचारावं. जिन्याखालच्या खोलीत एक लिपिक बसत. त्यांना सगळे सावकाशमामा म्हणत. चिठ्ठी नसलेले रोजचे दोन कागद त्यांच्याकडे जात. मी गेलो तेव्हा ते पेन्सिलीला टोक काढत होते आणि त्यांच्यासमोर कार्यालयाचा सुतार स्टुलावर बसून चहा पीत होता.

"मामा, तुमच्याकडच्या कागदाला किती दिवस लागतात?"

"दिवस?" मामांनी पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारली. "सकाळी कागद येतो. मी वाचतो. याला सांगतो. हा दुपारी जातो."

"लगेच?"

"नाहीतर काय करू?" सुतार म्हणाला. "अर्जंट कामाला हुकूम निघाल्याशिवाय मला हत्यार लावता येत नाही, आणि तो काही निघत नाही. मामांनी काम दिलं नाही तर मी इथे बसून बसून स्टुलाचे पाय झिजवीन."

मी बालवाडीच्या कठड्याबद्दल विचारलं.

"तांबडा आहे ना तो?" मामा म्हणाले. "तांबड्याला मी हात लावत नाही बुवा. सेवानिवृत्तीला दोन वर्षं राहिली माझी."

"आणि चिठ्ठ्या नसत्या तर?"

मामांनी सुताराकडे पाहिलं. सुताराने मनातल्या मनात चार गज मोजले.

"उद्या संध्याकाळपर्यंत," तो म्हणाला.

हे ऐकून मी माझ्या टेबलावर परत आलो आणि वहीत काहीच लिहिलं नाही. लोकांनी ज्याच्यावर तातडीचं म्हणून लिहिलं ते पडून राहत होतं, आणि ज्याच्यावर टाचणीअभावी काही लिहायचं राहिलं ते दुपारपर्यंत होत होतं. सव्वीस वर्षं मी स्वतःच्या हाताने कागद एका बाजूला ठेवत होतो, तेव्हा मला वाटत होतं, मी त्यांना पुढे पाठवतो आहे.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत विभागात कोणी नव्हतं. बाईंचा कागद मी कपाटातून काढला. सात चिठ्ठ्या, सात टाचण्या. पहिली गंजलेली होती; ती नखाने सैल करून मी ओढली. निघाली. काही झालं नाही. छत पडलं नाही. चिठ्ठी माझ्या तळहातावर होती. उरल्या सहा.

तेवढ्यात बाहेर कोणीतरी खोकलं.

कोण होतं ते मला आजही माहीत नाही. आत कोणी आलं नाही. पण माझ्या मनात विचार आला, की मला हा अधिकार कोणी दिला? शिवाय मामांचं गणित चुकीचं असलं तर? शिवाय एका कागदासाठी नियम मोडला, तर बाकीच्या सत्त्याण्णवांना काय उत्तर द्यायचं? अतिशय सयुक्तिक विचार होते. मी चिठ्ठी परत लावली. टाचणी नव्या जागी घुसवली असती तर कोणाच्या तरी लक्षात आलं असतं, म्हणून ती जुन्याच छिद्रातून घातली. मला कामात नीटनेटकेपणा लागतो.

मात्र मी स्वस्थ बसलो नाही. त्याच दुपारी मी रीतसर टिपण लिहिलं: 'बालवाडीच्या कठड्याचं काम लवकर व्हावं यासाठी सदर कागदावरील तांबड्या चिठ्ठ्या काढण्यास मंजुरी मिळावी.' तीनदा मसुदा केला. हेडक्लार्कनी तो उभ्या उभ्या वाचला. ते मनाने फार चांगले होते.

"अहो, कठडा! लहान मुलं पडतील की!" ते कळवळून म्हणाले. "हे आधी का नाही सांगितलं? हे तर अर्जंट आहे."

आणि त्यांनी माझ्या टिपणाला स्वतःच्या हाताने तांबडी चिठ्ठी लावून ते बाईंच्या कागदाला जोडलं. आठ झाल्या.

पाच आठवडे गेले. पाच मंगळवार बाई आल्या, पण नवं स्मरणपत्र आणलं नाही. शेवटच्या मंगळवारी म्हणाल्या, "दोरी बदलली. आता जाड घेतलीय." मी म्हणालो, "छान केलंत."

त्या आठवड्यात गुरुवारी, पहिल्या सुट्टीत, रांगेतल्या एका मुलीच्या चपलेचा पट्टा तुटला आणि ती बाहेरच्या बाजूला धडपडली. बाईंनी तिला दंडाला धरून भिंतीकडे ढकललं. मुलगी भिंतीला लागली. बाई दोरीवर गेल्या. दोरी तुटली नाही, जाड होती. ज्या गजाला ती बांधली होती तो पाचवा गज निखळला.

मूल एकही पडलं नाही. बाई खालच्या फरशीवर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, त्या चालतील, पण जिना विसरा.

शाळेने वरचा मजला बंद केला. साठ मुलं खालच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने बसू लागली. सोमवारच्या बैठकीत कागद निघाला, आणि तो दाखवायला मला बोलावलं होतं. अकरा माणसं दोन मिनिटं उभी राहिली, मग बसली. मग दवाखान्यांच्या विभागप्रमुखांनी एक मुद्दा मांडला.

"वर आता कोणी जातच नाही म्हणता?"

"नाही," मी म्हणालो.

"मग आता यात अर्जंट काय राहिलं?"

मोठ्या साहेबांनी हुकूम लिहिला आणि मला आठ चिठ्ठ्या काढायला सांगितलं. मी काढल्या. हुकूम असला की टाचण्या किती सहज निघतात! मंगळवारी सकाळी कागद सावकाशमामांकडे गेला. बुधवारी दुपारी कठडा उभा होता. सुताराने पाचच्या पाच गज सागवानी बसवले, घासून गुळगुळीत केले आणि वरून तेलाचा हात दिला. इतका देखणा कठडा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. त्याला अजून कोणाचा हात लागलेला नाही, कारण वरचा मजला उघडायला आमची परवानगी लागते, आणि शाळेने त्यासाठी केलेला अर्ज आमच्याकडे आला आहे. त्यावर काय लिहिलं आहे ते सांगायला नको.

मी बाईंना भेटायला दवाखान्यात गेलो. खाट खिडकीजवळ होती. पायाला वजन टांगलं होतं. मी एक पुस्तक नेलं होतं. ते द्यावं की नाही हे न ठरल्यामुळे हातातच धरून बसलो.

"कठडा झाला म्हणे," बाई म्हणाल्या.

"झाला. छान झाला."

"दीड दिवसात?"

मी त्यांना सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, बैठक, मामा, सुतार. त्या माझ्या डोळ्यांत बघत होत्या.

"म्हणजे मी त्या दोन रेघा मारल्या, तिथेच चुकलं."

"तसं नाही म्हणता येणार, बाई."

"मग कसं म्हणता येईल?"

मी पुस्तक या हातातून त्या हातात घेतलं.

"आणि तुम्हाला हे कधी कळलं, भाऊ?"

"पाच आठवडे आधी."

"टाचणी निघत नव्हती का?"

"एक निघाली होती," मी म्हणालो. "मी परत लावली."

बाईंनी थोडा विचार केला. वर्गात एखाद्याने वेडंवाकडं उत्तर दिल्यावर करत असतील तसा.

"जुन्याच छिद्रातून?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मान वळवून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

माझा अहवाल पुढे मंजूर झाला. एकोणीस अर्थांपैकी कोणता धरायचा, यावर मतभेद झाल्यामुळे एकोणीसही ग्राह्य धरण्यात आले, आणि चिठ्ठीचा आकार वाढवण्यात आला. मला त्यात विसावा अर्थ घालायचा होता. तीनदा मसुदा केला, पण तो खात्रीने मांडता येईना, म्हणून राहिला.

हा मजकूर छपाईला पाठवताना मी त्यावर 'अर्जंट' असं लिहिलं नाही. साधा कागद, साधं पाकीट. म्हणूनच तो तुमच्यापर्यंत पोहोचला, आणि तुम्ही तो पहिल्या ओळीपासून इथपर्यंत सावकाश वाचलात. वाचण्यासाठी कोणीही तुमच्या मागे लागलं नव्हतं. मागे जे लागलं आहे ते दुसरं काहीतरी आहे. कोणीतरी तुम्हाला कधीचं एक काम कळवलं आहे, खाली दोन रेघाही मारल्या असतील, आणि ते माणूस अजून थांबलं आहे. मी नाव विचारत नाही. मला तेवढा धीर नाही, आणि तुम्हाला ते ठाऊकच आहे. मधल्या कुठल्यातरी ओळीवर तुम्हाला त्याची आठवण झाली होती. टाचणी थोडी सैलही झाली होती. मग तुम्ही पुढची ओळ वाचलीत, आणि ती परत लावलीत. जुन्याच छिद्रातून.